चढणीवर थांबणारा दिगू

बसा, बसा. माझ्यासाठी उठू नका कोणी. मी पाव्हणी न्हाई, ह्याच हसनाबादची लेक हाय. ज्या नव्या सुना मला वळखत न्हाईत त्यांना सांगते, मी सुभद्रा. ह्या फोटोतल्या दिगंबरची थोरली बहीण. मंठ्याला दिली मला, पर जीव इथंच राह्यला.

गुरुजी म्हणले, आक्का, तुम्ही दोन शब्द बोला. गुरुजी, मी जन्मात कधी माईकवर बोलले न्हाई. हा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी हाय. समोर फोटो, फोटोला हार. ज्या लेकराला कडेवर घेऊन मी ह्या शाळेच्या पटांगणात फिरवलं, त्याच्या फोटोला हार बघायचा, आन् वर बोलायचं बी? लई अवघड हाय हो. पर बोलते. न बोलता मंठ्याच्या गाडीत बसले तर माझं मन मला खाईल.

माझ्या आधी लोक चांगलं बोलले. कोणी म्हणलं, दिगंबर हसतमुख होता. होता. कोणी म्हणलं, त्याच्या हातात कला होती. होती! बाजूच्या गावचे नवरदेव हळदीच्या आधी दाढी करायला त्याच्याकडं येत. वस्तरा कधी फिरला हे कळायचं न्हाई, असं म्हणायचे.

आन् मंग आबा, तुम्ही उठलात. तुम्ही वयानं मोठे, तुमच्या पाया पडते आन् बोलते. तुम्ही म्हणलात, "दिगंबरचा आजार लई गूढ होता." एवढं बोलून तुम्ही थांबलात. आन् खाली बसता बसता तुमची नजर कुठं गेली आबा? मी पाह्यली. तुमच्या मागोमाग समद्या मांडवाची नजर तिकडंच गेली. दिगूच्या बायकोकडं. माझ्या भावजयीकडं. कौसाकडं.

गूढ म्हणे. लई सोयीचा शब्द हाय हा. बोलायचं ते बोलून होतं आन् बोलणाऱ्याच्या अंगाला काही लागत न्हाई. मी आज तो शब्द उघडून बघणार हाय. कोणाला राग आला तर येऊ द्या.

माझा स्वभाव तुम्हाला ठावूक हाय. संशयी. लहानपणापासून. दूधवाल्याच्या कॅनीत मी बोट बुडवून बघते. दळण घरी आलं की पीठ चिमटीत धरून बघते, आपलंच हाय का दुसऱ्याचं. माझे मालक म्हणायचे, "सुभद्रे, तू आरतीतला कापूर बी हुंगून घेशील." घेतेच मी! तवा संशय कसा घ्यावा हे मला ह्या गावानं शिकवू नये. तुम्ही संशय घेता आन् पारावर सोडून घरी जाता. मी संशय घेतला की त्याची तड लावते. एवढाच फरक हाय तुमच्यात आन् माझ्यात.

मंग ऐका तड कशी लागली.

दिगूचं दुकान खाली वेशीत. घर वर, मारुतीच्या मागं. मधी ती चढण. सुरुवात झाली ती एका सकाळी. पोलीसपाटील खुर्चीत बसले होते. दिगूचा वस्तरा हनुवटीवर आला आन् हात थरथरला. रक्त आलं. दिगूनं तुरटी फिरवली, पाटील हसले, झालं. पर पुन्हा झालं. मंग एकाच्या कानापाशी झालं. मानेवर वस्तरा चालवणारा हात थरथरला, तर गाव बघणारच. त्यात चूक न्हाई. माझी बी मान असती तर मी बी बघितलं असतं.

काय दिसलं गावाला? सकाळी घरनं येतो तेव्हा हात थरथरतो. दुकानात येऊन घटकाभर झाली की थांबतो. सोमवारी दुकान बंद, दिगू दिवसभर घरी, तर दिवसभर थरथर. बशी धरली तर चहा धोतरावर. कोणाच्या तरी डोक्यात आलं, घरी थरथरतो, दुकानात थरथरत न्हाई, म्हणजे घरातच काहीतरी हाय.

मंग पाय. संध्याकाळी घराकडं निघाला की चढणीवर निम्म्यात उभा. पोटरी धरून. कोणी आलं की बोलायच्या निमितानं थांबल्यासारखं दाखवायचा. जरा दम खाल्ला की पुन्हा चालायचा, पुन्हा थांबायचा. आन् सकाळी घरनं दुकानाकडं येताना? बिलकुल न्हाई. झरझर खाली. झालं! गावाला पुरावा सापडला. दिगूचा पाय घराकडं जायला तयार न्हाई! डोक्याला कळलं न्हाई तरी पायाला कळतं, असं बी कोणी म्हणलं. काय अक्कल हो! अहो, येताना उतार हाय, जाताना चढ हाय, हे ह्या गावात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागतं का?

आन् तिसरी गोष्ट पुडी. दिगूच्या खिशातनं दुकानात एक पुडी पडली. रंगनाथ, तूच उचललीस ना ती? रंगनाथ दिगूचा लंगोटीयार, नवीन माणसांसाठी सांगते. रोज सकाळी दुकानातल्या बाकावर पहिला मान ह्याचा. ह्यानं पुडी उघडली. आत लवंगा, ओवा, अजून काय काय. ह्याची बोबडी वळली. चिमट्यात धरून नेली आन् वेशीबाहेर जाळली. वर शेजारणीनं सांगितलं, कौसा रोज पहाटं चुलीत काहीतरी जाळती, लई घाण वास येतो. मंग काय राह्यलं? भानामती. गावात फोन आला, घराघरात टीव्ही आला, भानामती काही हटली न्हाई.

देवऋषी आणला. हे मला दिगूनंच सांगितलं. देवऋषीनं लिंबू फिरवलं, अंगारा लावला, तरी हात थरथरून राह्यला. मंग तो म्हणला, "घाबरू नको. एक बिडी ओढ. मन शांत कर." दिगूनं ओढली. हात थांबला. समद्यांनी हात जोडले! देवऋषी म्हणला, "उतरली. पर घरातल्या बाईपासून जपा."

तेव्हाच मला मंठ्याला निरोप आला, तुझी भावजय तुझ्या भावाला काहीतरी खाऊ घालून राह्यली. निरोप कोणी धाडला ते मी आज बी सांगणार न्हाई. तो माणूस इथंच बसलेला हाय.

मी आल्ते तशीच. पहिल्या गाडीनं. कौसाला मी चांगलं म्हणणार, असं वाटलं का तुम्हाला? भावासाठी कोणती बहीण तसं म्हणती? मी तिच्या चुलीपाशी ठाण मांडलं. पीठ बघितलं. मीठ चाखलं. हंडे हुंगले. दिगूच्या ताटातला पहिला घास मी खाल्ला, तिच्या डोळ्यात बघत खाल्ला. तिनं नजर खाली घेतली न्हाई. म्हणली, "आक्का, अजून एक भाकर वाढू का?" आता बोला!

मंग एका पहाटं पाह्यलं. खुंटीवरच्या सदऱ्यातनं तिनं काहीतरी काढलं, पदराखाली घेतलं, चुलीपाशी गेली. मी मागनं जाऊन मनगट धरलं. मूठ उघडली. बिडीचं बंडल.

म्हणली, "आक्का, हेच जाळते मी रोज. सांगून ऐकत न्हाईत. मारून थोडंच ऐकणार? एवढ्याच बिड्या कमी होतात."

"आन् खिशातली पुडी?"

"तलप आली की तोंडात टाका म्हणून लवंग, ओवा, बडीशेप देते. आक्का, त्या पुडीत दुसरं काय असणार? माझ्या घरात दुसरं हाय तरी काय?"

माझा विश्वास बसला का? न्हाई. मी म्हणलं, बाई हुशार हाय, बिडीची ढाल पुढं करून राह्यली. मी दिगूला म्हणलं, चल माझ्या घरी. बॅग भरली, मंठ्याला घेऊन गेले.

आता नीट ऐका, बायांनो. मंठ्याला कौसा न्हाई. कौसाचं पीठ न्हाई, पाणी न्हाई, सावली न्हाई. माझी भाकर, माझं वरण, माझ्या विहिरीचं पाणी. सकाळी उठल्या उठल्या मी त्याच्या बिड्या लपवल्या. पुढं चहा ठेवला. दिगूनं बशी उचलली आन् बशी खडखडायला लागली. चहा सांडला माझ्या वट्यावर. चिडला, तोंड टाकलं माझ्यावर, घामाघूम झाला. मंग मी बिडी दिली. ओढली. हात थांबला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच केलं. तेच झालं.

सांगा आता, मंठ्यात करणी कोणी केली? मी केली का?

मंग पाय. मी त्याला आमच्या वावराच्या रस्त्यानं चालवला. हसनाबादकडं पाठ करून! सपाट रस्ता, म्हणून जरा लांब गेला. पर पुढं थांबलाच. पोटरी धरली. "आक्का, गोळा आला." उभा राह्यला, बरं वाटलं, चालला, पुन्हा गोळा. मी म्हणलं, दिगू, हे तुझं घर न्हाई. इथं तुझा पाय कोणाला भिऊन राह्यला?

मंग मीच तेच विचारत बसले स्वतःला.

तिथनं जालन्याला नेला. डॉक्टरनं मनगटाची नाडी बघितली. मंग खाली वाकून पायाच्या पंज्यावर बोटं ठेवली. ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मी विचारलं, काय शोधून राह्यलात? म्हणला, "मावशी, पायाची नाडी शोधतोय. लागत न्हाई." मी माझ्या पायाला बोटं लावून बघितली. माझी लागली. टुकटुक. दिगूची न्हाई.

मंग त्यानं सांगितलं. म्हणला, बिडीनं रक्ताच्या नळ्या आखडतात आन् आतनं बुजत जातात. वर धुरातला विषारी वायू रक्तात चांगल्या हवेची जागा अडवून बसतो. माणूस बसलेला असला तर थोड्या रक्तावर भागतं. चालायला लागला, चढायला लागला, की पोटरीच्या स्नायूला जादा लागतं. ते पोचत न्हाई. मंग स्नायू ओरडतो. थांबलं की पुन्हा पुरतं. "शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं न्हाई तर काय होतं, मावशी?" मी म्हणलं, सुकतं. म्हणला, "तेच."

मी विचारलं, आन् हात? बिडी ओढली की हात थांबतो, मंग बिडी औषध न्हाई का? तो हसला. म्हणला, "तुमच्याकडं जुन्या बाया रडत्या लेकराला अफू चाटवायच्या ना? लेकरू गप व्हायचं." बस. मला कळलं. नसांना बिडीची सवय लागली. न्हाई मिळाली की त्या थयथयाट करतात, मिळाली की घटकाभर गप. गप होणं म्हणजे बरं होणं न्हाई. वर त्यानं सांगितलं, ह्या तंबाखूनं बी हात कापतो. म्हणजे लावणारी बी तीच आन् थोपटणारी बी तीच.

आन् त्यानं बजावलं, "सोडली न्हाई तर आज पोटरी हाय, उद्या बोट काळं पडंल. आन् मेंदूची नळी बुजली तर लकवा."

मी त्याच्यावर बी विश्वास ठेवला न्हाई. मी कशी ठेवीन? औरंगाबादला दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं. जालन्याच्या डॉक्टरचं नाव सुद्धा काढलं न्हाई, मुद्दाम. त्यानं पंज्यावर बोटं ठेवली आन् पहिल्यांदा विचारलं, "बिडी का सिगारेट?" ह्याला कोणी सांगितलं होतं? कौसानं फोन केल्ता का?

तिथं माझा कौसावरचा संशय संपला. पुरा संपला. आन् दुसरा चालू झाला.

मी हसनाबादला आले आन् सकाळीच दिगूच्या दुकानात जाऊन बसले. बाई माणूस न्हाव्याच्या दुकानात! हसलात तुम्ही. हसा. मी बघून राह्यले होते. ह्या गावची एक रीत हाय. दाढीला बसायचं तर आधी न्हाव्याला बिडी द्यायची. पेटवून. तेवढीच आपुलकी. "घे दिगू, एक झुरका मार, मंग वस्तरा धर." पहिल्या गिऱ्हाईकानं दिली. दुसऱ्यानं दिली. बाकावर बसलेल्यांनी उगाच दिली. हत्यारांच्या धोकटीवर, आरशापाशी, कानावर, जिथं तिथं बिडी. न्हाई म्हणलं तर गिऱ्हाईक रुसतं. आन् बिडी पोटात गेली की हात थांबायचा. तुम्ही म्हणायचा, "बघा, दुकानात कसा बराबर हात चालतो!"

काखेत कळसा आन् गावाला वळसा! घरात पुडी शोधत होता तुम्ही, आन् बंडल तुमच्याच खिशात होतं.

मी सांगितलं सगळ्यांना. पारावर सांगितलं. हापशावर सांगितलं. काय मिळालं? एक म्हणला, "डॉक्टर लोक समदं बिडीवर ढकलतात." दुसरा म्हणला, "माझा बाप म्हातारा होऊन मेला, रोज ओढायचा." असंल. सगळ्यांच्याच घराला आग लागत न्हाई, म्हणून काय कोणी गंजीत काडी टाकून बघतं? आन् एका बाईनं तर माझ्या तोंडावर म्हणलं, "कौसानं आक्काला बी काहीतरी चारलेलं दिसतंय." कोण ते मी बघितलंय. नाव घेत न्हाई.

मेलेल्या माणसाबद्दल वंगाळ बोलू नये म्हणतात. मी बोलणार. माझा भाऊ हाय. दिगूनं बिडी सोडली न्हाई. मला शब्द दिला, देवाची आण घेतली, न्हाई सोडली. वर तुमचं ऐकून त्याच्या मनात बी विष उतरलं. कौसानं चहा आणला की म्हणायचा, "आधी तू घे." ती आधी प्यायची, मंग हा प्यायचा. लेकरांसमोर. माझ्यासमोर. मी म्हणलं, दिगू, लाज धर. तर म्हणला, "आक्का, गाव काय खोटं बोलून राह्यलंय का?" ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलंय.

मंग पायाच्या बोटाला ठेच लागली. बधिर पाय, त्याला कळली सुद्धा न्हाई. जखम भरेना. बोट काळं पडलं. आन् एका दिवशी, दुकानातच, भर दुपारी, हातातली कंगवी पडली. उचलायला गेला तर हातच हलेना. तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं. बराबर तसं. तरी गाव काय म्हणलं? "बोलला असता म्हणून बाईनं तोंड बंद केलं."

दिगू त्या अंथरुणातनं उठलाच न्हाई, गेला. रंगनाथ, त्याच्या दहाव्याचं बी बोलते. तू माझ्या हातची भाकर खाऊन मोठा झालास, म्हणून हक्कानं बोलते. नदीवर पिंडाला कावळा शिवंना. सगळे हात जोडून उभे. तू पुढं झालास, पिंडापाशी बिडी ठेवलीस, म्हणलास, "दिगू, घे तुझी." आन् कावळा आला. गाव म्हणलं, बघा, बिडीतच जीव अडकला होता, बाईनं सुखानं ओढू दिली न्हाई! रंगनाथ, बिडीबरोबर तू पेढा ठेवला होतास. कावळा पेढा घेऊन उडाला. बिडी तिथंच पडलेली होती. मी वाकून बघितली. तुम्ही कोणीच बघितली न्हाई.

तुझ्या डोळ्यात पाणी होतं तेव्हा. खरं होतं ते. तू त्याला जीव लावलास, हे मी नाकारत न्हाई. म्हणून तुला एक विचारते, समद्यांसमोर विचारते. आत्ता सभेला येताना मी तुझ्या मागं होते. तू चढणीवर थांबलास. मारुतीकडं तोंड करून एक हात कपाळाला लावलास. पर दुसरा हात कुठं होता? एका हातानं कोणी नमस्कार करतं का रे? दुसरा पोटरीवर होता. जरा वेळानं चालायला लागलास. पुन्हा थांबलास, चप्पल नीट करायच्या निमितानं.

तुझ्यावर कोणी केली करणी? तुझी बायको काय चारती तुला?

खाली बघू नको. मला तुझी फजिती करायची न्हाई. एक भाऊ गेला, दुसरा जायला नको. पंज्यावर बोटं ठेवून बघ, नाडी लागती का. न्हाई लागली तर उद्या माझ्याबरोबर जालन्याला चल. आन् इथं अजून किती जण बाकावर पाय चोळून राह्यलेत, ते बी मी बघतेय.

आता शेवटचं. मी हे इतकं कामून बोलले? दिगू काही परत येत न्हाई. परवा चार मोठी माणसं कौसाच्या दारात गेल्ती. म्हणली, "बाई, तुझं आता इथं काय राह्यलं? अंतरवालीला माहेर हाय, तिकडं जा. गावाला त्रास नको." मी आत होते. कौसा म्हणली, "मी गेले तर तुम्ही म्हणता तेच खरं ठरंल. माझी लेकरं कोणाची म्हणून जगतील?" ती माणसं चपला घालून निघून गेली. आज बी तिकडं बघा. बायांमधी कौसा कुठं बसली ते बघा. तिच्या दोन्ही बाजूला जागा मोकळी. बाकी समद्या दाटीवाटीनं बसलेल्या. पदर लागला तर काय होईल ग, बायांनो? मी तिच्याशेजारी झोपले, तिच्या हातचं जेवले. काय झालं मला?

तुम्हाला डॉक्टर पटत न्हाई, मी पटत न्हाई. मंग दिगूचं ऐका. वाचा गेल्यावर त्यानं काय केलं ते सांगते. मी दारात उभी होते, उजेड होता, डोळ्यांनी पाह्यलं.

दाढी वाढलेली होती. जन्मभर त्यानं दुसऱ्या न्हाव्याला हनुवटीला हात लावू दिला न्हाई. डाव्या हातानं धोकटीकडं बोट केलं. कौसानं धोकटी आणली. त्यानं वस्तरा काढला, पट्ट्यावर कसाबसा दोनदा फिरवला, आन् तिच्या हातात दिला. ती मागं सरली. "मला न्हाई येत हो," म्हणली. रडायला लागली. तर त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, वस्तरा गालावर टेकवला, आन् मान वर केली. डोळे मिटले.

जो माणूस तिच्या हातचा चहा आधी तिला पाजायचा, त्यानं तिच्या हातात वस्तरा दिला आन् गळा उघडा करून डोळे मिटले. रोज. शेवटपर्यंत रोज. तिनं एक ओरखडा उठू दिला न्हाई. न्हाव्याची जात हाय आमची. मान कोणाच्या हातात द्यायची हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. दिगूला बोलता येत असतं तर तो काय बोलला असता, हे मला ठावूक हाय. त्यानं बोलून घेतलं.

बास. माझं झालं. आता गुरुजी तुम्हाला दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगतील. गुरुजी, माफ करा, आज मीच सांगते. दिगूला तुमची शांतता नको. त्याच्याकडं आता भरपूर हाय. ही दोन मिनिटं कौसासाठी उभं राहा. तिच्याकडं बघत उभं राहा. आन् इथनं गेल्यावर, पारावर, हापशावर, दुकानाच्या बाकावर, तिचं नाव जिभेवर आलं, की असंच उभं राहून तोंड मिटा. दोन मिनिटांनी उघडायचं न्हाई.

उठा. आबा, तुम्हाला हात देऊ का? उठा. रंगनाथ, तू बस, पाय दुखत असंल तर. उठलास? शाब्बास. बायांनो, सरका तिच्याकडं. अजून. अंगाला अंग लागू द्या.

कौसा, तू बी ऊठ. मान वर.

आता गप.